निळ्या ट्रामच्या दोन सह्या

रोहिणी खानविलकरांनी भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं शेड जुळवल्या. गिऱ्हाईक फ्रिजचा मोडका दरवाजा आणून द्यायचं, कुणी देवळाच्या खांबाचा टवका, कुणी चक्क साडीचा तुकडा, आणि म्हणायचं, अस्सा पाहिजे. बाई तो तुकडा उत्तरेच्या खिडकीशी न्यायच्या, डोळे बारीक करायच्या आणि तिथूनच सांगायच्या, पांढऱ्यात इतका पिवळा आणि काळ्याची नुसती काडी बुडवा. पुढे रंग मोजायचं मशीन आलं, तरी साहेब लोक मशीनचा कागद घेऊन बाईंकडेच यायचे.

मात्र बॅच सुटायला दोन सह्या लागत. पहिली शेड जुळवणाऱ्याची. दुसरी अशा माणसाची, ज्यानं ती मिसळताना पाहिलेली नाही. ही दुसरी सही पद्माकर मोरे करत. मोरे फार बोलत नसत आणि छान तर कधीच म्हणत नसत. एकतीस वर्षांत त्यांनी बाईंची बॅच चार वेळा परत पाठवली, आणि ते चारही दिवस बाईंना तारखांसकट पाठ होते.

निवृत्तीनंतरही बाईंचा तोरा कमी झाला नव्हता. कुणी आकाशी रंग म्हणालं की त्या विचारत, कुठल्या गावचं आकाश? अशा या बाई सहासष्टाव्या वर्षी, फेब्रुवारी दोन हजार वीसमध्ये, तीन महिन्यांसाठी म्हणून लेकीकडे आयर्लंडमध्ये मलिंगारला आल्या आणि अडकल्या. नऊ मेचं विमान रद्द झालं. लेक नंदिनी तिथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. ती घरी आली की वरच्या छोट्या खोलीत वेगळी झोपायची. जावई केदार पुढच्या खोलीत दार लावून दिवसभर लॅपटॉपशी बोलायचा. बाईंचं स्वयंपाकघरातलं कपाट, म्हणजे तिकडच्या भाषेत प्रेस, दोनदा लावून झालं. त्यानंतर करायला काही उरलं नाही. पोस्टात पडून राहिलेल्या पार्सलसारखं झालंय माझं, असं त्या भांडुपला फोनवर सांगत.

मागच्या अंगणाला छातीएवढी भिंत होती आणि भिंतीपलीकडे डोनल गेराटी राहायचा. वय चौऱ्याहत्तर, पोस्टातून निवृत्त, बायको वारलेली. सत्तरीच्या पुढच्यांनी घराबाहेर पडायचं नाही असा सरकारी हुकूम होता, म्हणून त्यानं आपला उद्योग अंगणात आणला होता. दोन खुर्च्यांवर फळी टाकलेली आणि फळीवर सात ट्राम वाळत ठेवलेल्या. प्रत्येक वीतभर लांब, दुमजली, मागे वळणदार जिना, बाकांना काडीएवढ्या पाठी. वरचा अर्धा भाग सायीच्या रंगाचा आणि खालचा हिरवा.

कपडे वाळत घालताना बाईंनी दोन दिवस त्या ट्रामकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

"मिस्टर डोनल, काम सुंदर आहे. पण हा हिरवा कुठून आणलात?"

बोलणं अर्थातच इंग्रजीतून चाले. बाईंचं इंग्रजी कारखान्यातलं, त्याचं डब्लिनचं. पहिल्या झटक्यात एकमेकांचं कळत नसे, म्हणून दोघंही ओरडून बोलत.

डोनल आत गेला आणि एक लाकडी तुकडा घेऊन आला. तो भिंतीवर ठेवून नियमाप्रमाणे दोन मीटर मागे सरकला. हातभर लांबीची फळी, तिच्यावर मळकट हिरवा रंग आणि मधोमध चार स्क्रूंनी बसवलेली पितळी पट्टी.

"माझे वडील डब्लिनला ट्रामवर कंडक्टर होते," तो म्हणाला. "एकोणपन्नास साली ट्राम बंद झाल्या. त्यांची गाडी मोडीत निघाली तेव्हा त्यांनी एवढाच तुकडा मागून आणला. मी तेव्हा तीन वर्षांचा. मला काही आठवत नाही."

"मग हा रंग याच्यावरून घेतला?"

"हो. खरं म्हणजे वडील मरेपर्यंत म्हणत होते की माझी गाडी निळी होती. आम्ही हसायचो त्यांना. मॉडेलवाल्यांच्या क्लबातही सगळे म्हणाले, त्या वर्षांत निळी कुठली? आणि फळी तर समोर हिरवी दिसतेय. शेवटी मीही हिरवा लावला." त्यानं वाळणाऱ्या ट्रामकडे बोट केलं. "सात गाड्या झाल्या."

बाईंनी फळी उचलली. उजेडात धरली, आडवी करून कडेनं पाहिली, नखानं खरवडली आणि नाकाशीही नेली. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या अंगात पूर्वीची बाई संचारली होती.

"हा हिरवा रंगच नाही, मिस्टर डोनल. ही घाण आहे. वर वार्निश आहे आणि ते पिवळं पडलंय. निळ्यावर पिवळं चढलं की काय दिसणार? ब्रश धुवायचं स्पिरिट आहे ना? आणा. कापूस पण आणा."

स्पिरिटचा बोळा त्यांनी फळीच्या कोपऱ्यावर हळूहळू फिरवला. कापूस चहासारखा तांबडा झाला. दुसरा बोळा घेतला, मग तिसरा. कोपरा निळा झाला होता. मग त्यांनी पितळी पट्टीचे स्क्रू काढायला लावले. पट्टी आधी बसवून वार्निश नंतर मारलेलं असणार, म्हणजे पट्टीखाली निव्वळ रंग सापडणार, असं त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं. पट्टी निघाली. खाली बोटभर रुंदीचा स्वच्छ, गंभीर निळा पट्टा होता.

डोनल दोन मीटरचा नियम विसरून भिंतीशी आला. पट्ट्याकडे बघता बघता त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"म्हातारा खरं बोलत होता," तो म्हणाला. "चाळीस वर्षं आम्ही त्याची टिंगल केली."

त्याची थोरली बहीण ब्रीड स्लायगोला एका वृद्धाश्रमात होती. वय चौऱ्याऐंशी. वडिलांच्या ट्राममध्ये बसलेलं आता तेवढं एकच माणूस उरलं होतं. ऑगस्टच्या शेवटी तिचा वाढदिवस होता. भेटायला जाता येत नव्हतं, पण पोस्ट चालू होतं. तिला निळी ट्राम पाठवायची, असं डोनलनं ठरवलं आणि भीतभीतच विचारलं की हा निळा कुणाला करता येईल का.

"कुणाला म्हणजे?" बाई म्हणाल्या. "मी कशाला आहे?"

दुसऱ्या दिवशीपासून भिंतीवरून बिस्किटांच्या डब्यातून रंगाच्या डब्या येऊ लागल्या. बाईंनी स्वयंपाकघराची उत्तरेची खिडकी ताब्यात घेतली. दात कोरायच्या काडीनं थेंब मोजायचे, वहीत लिहायचे, पुठ्ठ्यावर ओढायचे. रंग वाळला की शेड बदलते, म्हणून पूर्ण वाळू द्यायचं आणि मगच फळीशेजारी धरायचं. घरात गाणं गुणगुणत फिरणाऱ्या सासूबाई केदारनं प्रथमच पाहिल्या. पंधरा दिवसांत शेड जमली.

ड्यूटीवरून आलेली नंदिनी चहा घेताना पुठ्ठ्याकडे बघत म्हणाली, "आई, हा जरा जांभळट नाही वाटत?"

"तू भूल दे," बाई म्हणाल्या. "रंग मी बघते."

सवयीप्रमाणे त्यांनी बॅचचं कार्डही केलं. शेड जुळवणार, तपासणार, अशा दोन ओळी. पहिल्या ओळीवर त्यांनी झोकात सही केली. दुसरीपाशी हात थबकला. मलिंगारला पद्माकर मोरे कुठून आणायचे? नंदिनीनं तर अकलेचे तारे तोडलेच होते. बाईंनी दुसऱ्या ओळीवरही स्वतःचीच सही ठोकली आणि कार्ड डब्यात घालून भिंतीपलीकडे दिलं.

डोनलनं रंग पाहिला. एकदा फळीकडे पाहिलं, एकदा बाईंकडे.

"शंभर टक्के तोच," बाई म्हणाल्या.

"ग्रँड," डोनल म्हणाला आणि त्यानं आठवी ट्राम रंगवली.

वाढदिवसाच्या दिवशी ब्रीडचा फोन आला. डोनलनं बाईंना हाका मारून बोलावलं आणि फोन स्पीकरवर टाकून भिंतीवर ठेवला. म्हातारीचा आवाज खणखणीत होता. ट्राम सुरेख आहे, जिना हुबेहूब आहे, बाकं तर अगदी तशीच. मग ती म्हणाली, "पण डोनल, ही बाबांची गाडी नाही. ही तर बिशपच्या जांभळ्या झग्याच्या रंगाची आहे."

बाईंना कुणीतरी फाडकन मुस्काटात मारल्यासारखं झालं. फोन बंद झाला. मग त्या उसळल्या.

"चौऱ्याऐंशी वर्षांची बाई! मोतीबिंदू असेल दोन्ही डोळ्यांत!"

"दोन वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत तिची," डोनल हळूच म्हणाला. "सुईत दोरा ओवते." मग जमिनीकडे बघत त्यानं पुढचंही सांगून टाकलं. "मिसेस के, मलाही तो जांभळाच दिसला होता. पण तुम्ही इतक्या खात्रीनं म्हणालात, की मला वाटलं माझेच डोळे गेले."

बाई घरात आल्या. ट्रामच्या रंगाचा पुठ्ठा अजून खिडकीत होता. त्यांनी तो उचलला, उजवा डोळा हातानं झाकला आणि पाहिला. मग डावा झाकून पाहिला. दोन डोळ्यांना दोन निळे दिसत होते. त्यांनी ओट्यावरचा पांढरा कप घेतला. डाव्या डोळ्यानं तो पांढरट होता, उजव्यानं चहाचे डाग पडल्यासारखा. मग डावाही खरा कशावरून?

भांडुपच्या डॉक्टरनं वर्षापूर्वी सांगितलं होतं, सुरुवात झालीय, पुढच्या वर्षी बघू. बाईंनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. शेड जुळवणाऱ्या बाईला मोतीबिंदू म्हणजे शोभा झाली असती. आणि आता त्यांच्या डोळ्याच्या भिंगावरच ते पिवळं वार्निश चढलं होतं. फळीवरचं त्यांनी वासावरून ओळखलं आणि स्वतःच्या डोळ्यातलं त्यांना दिसलं नाही. सगळ्यात जास्त लाज वाटली ती दुसऱ्या सहीची. चुकणं त्यांनी स्वतःला माफ केलं असतं, पण तपासणाऱ्याची जागा त्यांनी बळकावली होती. त्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून रडल्या. नंदिनी आली तेव्हाही डोळे ओलेच होते.

"कधीपासून?" सगळं ऐकून नंदिनीनं विचारलं.

"वर्ष झालं."

"आणि मी डॉक्टर आहे, आई!"

"तू भूलवाली," बाई म्हणाल्या, पण या वेळी आवाजात जोर नव्हता. "माझा डोळा गेला तर माझ्याकडे काय राहिलं गं?"

नंदिनीनं समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. ऑपरेशन होतं, आईचंही होईल, सगळं सुरळीत झालं की नंबर लावू, असं तिनं सांगितलं आणि भाताचा कुकर लावला. बाईंना ते बरं वाटलं.

दोन दिवस त्या अंगणात गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर टकटक करून त्यांनीच डोनलला बोलावलं. रात्रभर विचार करून त्यांनी एक गोष्ट नक्की केली होती. डोळा उतरला असेल, पण एकतीस वर्षांचं डोकं शाबूत होतं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि मी तो लपवला. आता आपण पुन्हा करू. बघायचं तुम्ही, मिसळायचं मी."

"मला रंगातलं काय कळतं?"

"पद्माकर मोऱ्यांनाही पहिल्या दिवशी काही कळत नव्हतं. तीनच प्रश्न असतात. फिकट की गडद? तांबूस की हिरवट? स्वच्छ की मळकट? एवढं सांगायचं. बाकी मी बघते. म्हणजे, करते."

त्यांनी खुर्ची भिंतीला पाठ करून ठेवली. मुद्दामच. पुठ्ठ्याकडे पाहिलं की जुना ताठा डोकं वर काढेल, हे त्यांना माहीत होतं. पहिला पुठ्ठा वाळला. डोनलनं तो फळीशेजारी धरला.

"खूपच जवळ आहे," तो म्हणाला.

"जवळ हा शब्द या भिंतीवर चालणार नाही. तांबूस की हिरवट?"

"म्हणजे, तसं छानच..."

"मिस्टर डोनल! तुमच्या वडिलांची चाळीस वर्षं टिंगल केलीत. आता माझी करा. तांबूस की हिरवट?"

डोनलनं घसा खाकरला. "तांबूस. भलताच तांबूस."

"शाबास! नीळ जास्त पडलीय, तिच्यात लाल झाक असते. हिरव्याचा एक थेंब."

आठवडाभर हे चाललं. डोनल हळूहळू धीट झाला. पाचवा पुठ्ठा त्यानं मळका म्हणून फेकला, सातवा फिकट म्हणून, नववा तर बघताक्षणी नको म्हणाला. अकरावा आला तेव्हा बाईंना राहवलं नाही. त्यांनी वळून पाहिलं. त्यांना तो जमलेला दिसला.

"नाही," डोनल म्हणाला. "अजून केसभर तांबूस आहे."

बाई पुन्हा पाठ करून बसल्या. आणखी एक काडीभर हिरवा त्यांनी घातला आणि बारावा पुठ्ठा दिला. त्यांच्या डोळ्यांना अकरा आणि बारा एकच होते. डोनलनं बारावा फळीवर ठेवला, मान तिरकी केली, उन्हात नेला, सावलीत नेला.

"फळी कुठं संपते ते दिसत नाही," तो म्हणाला.

बाईंनी नवं कार्ड पुढे केलं आणि दुसऱ्या ओळीवर त्याची सही घेतली. डी. गेराटी. पहिली ओळ कोरीच ठेवली.

"शेड तर तुम्ही जुळवलीत," डोनल म्हणाला.

"मी मिसळली. पाहिलेली नाही. न बघता मी सही करत नाही."

"मग हे कार्ड?"

"राहू दे तसंच. मला बघता येईल तेव्हा बघेन. आणि ब्रीडकडची ती जांभळी परत मागवा. ती मला हवी आहे."

नवी ट्राम सप्टेंबरच्या अखेरीला स्लायगोला पोचली. त्या दिवशी फोन पुन्हा भिंतीवर ठेवला गेला. बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. ब्रीडनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"वरच्या मजल्यावर पुढच्या बाकावर बस म्हणायचे मला," ती म्हणाली. "आणि वळण आलं की खालून घंटा दोनदा वाजवायचे. एकदा गाडीसाठी, एकदा माझ्यासाठी. तू तेव्हा पाळण्यात होतास, तुला काय माहीत." आणि मग ती अर्धा तास बोलत राहिली. डोनलनं त्यातली एकही गोष्ट पूर्वी ऐकलेली नव्हती.

फोन संपल्यावर तो काळजीनं म्हणाला, "रंगाबद्दल तर ती काहीच बोलली नाही."

"शेड बरोबर असली की गिऱ्हाईक शेडबद्दल बोलत नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

हिवाळा पुन्हा लॉकडाउनमध्ये, दारं लावून गेला. बाईंचा मुक्काम वाढतच राहिला आणि डोनलनं साती हिरव्या गाड्या खरवडून बाईंच्या वहीतल्या थेंबांनुसार निळ्या केल्या. क्लबवाल्यांना त्यानं फळीचा फोटो पाठवला. तिथं जे भांडण लागलं ते त्यानं बाईंना रोज मोठ्यानं वाचून दाखवलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये डब्लिनला बाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. गाडीतून घरी येताना त्या सारख्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"काय गं आई?"

"तुझी गाडी पांढरी आहे," बाई म्हणाल्या. "मी दीड वर्ष ती मोतिया समजत होते."

घरी आल्यावर त्या चप्पलही न बदलता अंगणात गेल्या. डोनल वाट बघत होता. भिंतीवर त्यानं फळी मांडली होती. एका बाजूला परत आलेली पहिली ट्राम आणि दुसऱ्या बाजूला, कागदात गुंडाळलेली, नव्या निळ्यातल्या सातांपैकी एक. बाईंनी डावा डोळा झाकला आणि आधी पहिली पाहिली.

ती जांभळी होती. थोडीथोडकी नाही, सणासुदीच्या शालूसारखी जांभळी. बाईंना हसू फुटलं आणि ते आवरेना. भिंतीला धरून त्या हसत राहिल्या.

"अहो, ही तुम्ही पोस्टानं पाठवलीत? आणि मला ग्रँड म्हणालात?"

"तुमच्यापुढे बोलायची सोय होती का?" डोनलही हसत होता.

मग त्यांनी दुसरीवरचा कागद काढला. हसणं थांबलं. ट्राम फळीला टेकवून त्यांनी पाहिली. उन्हात नेली, सावलीत नेली, कडेनं पाहिली. दयामाया करायची नाही, असं त्या मनाशी बजावत होत्या. कुठं केसभर तांबूस असली असती तर त्यांनी ती परत पाठवली असती, तेराव्या पुठ्ठ्याला हात घातला असता. त्यांनी नेटानं चूक शोधली. चूक नव्हती. एकतीस वर्षांत जुळवलेल्या सगळ्या शेडमध्ये ही सर्वांत नेमकी होती आणि ती त्यांनी पाठ फिरवून, दुसऱ्याच्या डोळ्यांनी जुळवली होती. डोनलसमोर त्या मोकळेपणानं रडल्या.

"डॉक्टरांनी डोळ्यात पाणी आणू नका सांगितलंय ना?" मागून नंदिनी ओरडली.

"तू भूल दे!" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोनलकडे पेन मागितलं.

कार्ड त्यानं जपून ठेवलं होतं. खालच्या ओळीवर त्याची नऊ महिन्यांपूर्वीची सही होती. बाईंनी कार्ड भिंतीवर सपाट ठेवलं, वरच्या कोऱ्या ओळीवर सही केली आणि कारखान्यात करत तशी शेजारी तारीख घातली.